विमानावरचा जॅमर सुधारताना पॉवरच्या आधी काय पाहावं लागतं

एका बाप-लेकीचा प्रश्न दोन भागांत आला आहे. वडिलांचं उद्यमबागेत व्हीएमसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनचं) शॉप. पंपाच्या आणि हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी हेच आजवरचं मुख्य काम. मुलगी बेळगावातच इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला. मुलीने विचारलं आहे की जुन्या लढाऊ विमानावरचा जॅमर, म्हणजे शत्रूच्या रडारला गोंधळवणारं उपकरण, अपग्रेड करतात तेव्हा नेमकं काय बदलतात, जास्त वॅटचा ॲम्प्लिफायर बसवला की झालं का? वडिलांचा प्रश्न असा की यात आपल्यासारख्या शॉपला खरंच काही काम आहे, की हे सगळं बेंगळूरु-हैदराबादच्या प्रयोगशाळांतच चालतं? दोन्ही उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून एकत्रच लिहितो.

आधी पॉवरचा गैरसमज दूर करू, कारण बाकी सगळं त्यातून सुटत जातं.

रडारची लहर विमानापर्यंत जाते, आपटते आणि परत येते. त्यामुळे प्रतिध्वनीची ताकद अंतराच्या चौथ्या घाताने घटते. जॅमरची लहर एकेरी जाते, ती वर्गाने घटते. म्हणून लांबवर जॅमरचं पारडं जड असतं आणि विमान जवळ येईल तसा प्रतिध्वनी वर येऊ लागतो. दोन्ही बरोबरीला येतात त्या अंतराला बर्न-थ्रू म्हणतात. आकडे घालून पाहा. (डीबी हे पटींचं लॉग माप, १० डीबी म्हणजे दसपट; डीबीएम म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेतली पॉवर.) रडारची पीक पॉवर १०० किलोवॅट आणि अँटेनाचा गेन (एका दिशेने लहर एकवटण्याची पट) ३५ डीबी, म्हणजे एकूण ११५ डीबीएम. जॅमर २०० वॅटचा, त्याच्या अँटेनाचा गेन १० डीबी, म्हणजे ६३ डीबीएम. विमानाचं रडार क्रॉस सेक्शन (रडारला ते किती मोठं दिसतं ते) ५ चौरस मीटर, म्हणजे ७ डीबी. गुणोत्तर काढायची रीत अशी: जॅमरचे डीबीएम वजा रडारचे डीबीएम, अधिक ११, अधिक मीटरमधल्या अंतराचा २० लॉग, वजा क्रॉस सेक्शन. ४० किमीला २० लॉग म्हणजे ९२. उत्तर येतं ४४ डीबी. जॅमर प्रतिध्वनीच्या २५ हजार पट वरचढ. हे पाहून कोणालाही वाटेल की काम फत्ते.

आता खरी परिस्थिती घाला. रडार फ्रिक्वेन्सी बदलत राहतं, म्हणून साधा नॉइज जॅमर आपली पॉवर २०० मेगाहर्ट्झवर पसरतो. रडारचा रिसीव्हर त्यातले फक्त १ मेगाहर्ट्झ आत घेतो. २३ डीबी वाया गेले. रडार पल्स कॉम्प्रेशन करतं, म्हणजे लांब पल्स रिसीव्हरमध्ये आवळून तिचं शिखर उंच करतं, आणि अनेक पल्स जुळवून बेरीज करतं. त्यातून स्वतःच्या सिग्नलला, समजा, ३० डीबीचा फायदा मिळतो; नॉइजला तो मिळत नाही. एकूण ५३ डीबी गेले आणि ४४ चे उणे ९ झाले. हिशेब उलटा मांडला तर बर्न-थ्रू ११२ किमीलाच होऊन गेलेलं असतं. पॉवर दसपट करून २ किलोवॅट केली तर ते अंतर ३५ किमीवर येतं, कारण बर्न-थ्रू पॉवरच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच सरकतं. पण उष्णताही दसपट झाली. पूर्ण ५३ डीबी पॉवरने भरून काढायचे म्हटलं तर दोन लाख पट ॲम्प्लिफायर लागेल. तो कुठल्याच विमानाला उचलवणार नाही. उलट विमानाचं क्रॉस सेक्शन दसपट कमी झालं तर बर्न-थ्रूमध्ये तोच फायदा होतो जो दसपट पॉवरने होतो. म्हणूनच स्टेल्थ आणि जॅमिंग हे एकमेकांचे पर्याय नसून पूरक आहेत.

यातून वाट एकच: रडारला त्याचाच सिग्नल परत द्यायचा, इतका हुबेहूब की पल्स कॉम्प्रेशनचा फायदा जॅमरलाही मिळावा. हे काम डिजिटल आरएफ मेमरी करते. अपग्रेडचा गाभा आज बहुतेक ठिकाणी हाच असतो. आलेला सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीला उतरवायचा, एडीसीने (सिग्नलचे आकडे करणारी चिप) नमुने घ्यायचे, मेमरीत ठेवायचे, एफपीजीएमध्ये (हवी तशी जुळवता येणारी चिप) हवा तो विलंब आणि डॉप्लर (वेगामुळे होणारा फ्रिक्वेन्सीतला बदल) द्यायचा, डीएसीतून (आकड्यांचा पुन्हा सिग्नल करणारी चिप) बाहेर काढून पुन्हा मूळ फ्रिक्वेन्सीला चढवायचा. १ मायक्रोसेकंद विलंब दिला की खोटं लक्ष्य १५० मीटर मागे दिसतं. १० गिगाहर्ट्झला ३०० मीटर प्रतिसेकंद वेग दाखवायचा तर २० किलोहर्ट्झ डॉप्लर लागतो. विलंब आणि डॉप्लर एकमेकांशी जुळलेले हवेत. लक्ष्य मागे सरकतंय पण डॉप्लर स्थिर आहे असं दिसलं की आजचं रडार ते लक्ष्य खोटं म्हणून बाजूला काढतं.

कागदावर हे सोपं आहे. अडतं ते पुढे सांगतो तिथे. १ गिगाहर्ट्झ बँडविड्थ एका वेळी घ्यायची तर सेकंदाला २ अब्जांहून जास्त नमुने लागतात. थोडी मोकळीक ठेवून २.५ अब्ज धरतात. प्रत्येक बिटमागे डायनॅमिक रेंज सुमारे ६ डीबीने वाढते. जुन्या एक-दोन बिटांच्या मेमरीत मूळ सिग्नलच्या आजूबाजूला खोट्या रेषा इतक्या उमटत की त्यांवरूनच जॅमर ओळखू येई. खाली उतरवणारा आणि वर चढवणारा लोकल ऑसिलेटर एकच असायला हवा. दोन वेगळे ठेवले की त्यांच्यातला फरक थेट खोट्या डॉप्लरच्या रूपात बाहेर पडतो. आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते कंपनाकडे. सगळ्या फ्रिक्वेन्सी ज्याच्यावरून ठरतात त्या संदर्भ क्रिस्टलची कंपन-संवेदनशीलता १ जी ला एक अब्जांश भाग ही चांगली मानली जाते. तरीही १० गिगाहर्ट्झपर्यंत गुणत नेल्यावर, १०० हर्ट्झला १ जी कंपन असेल तर मुख्य रेषेच्या दोन्ही बाजूंना १०० हर्ट्झवर उणे २६ डीबीच्या रेषा उभ्या राहतात. टेबलावर स्वच्छ दिसणारा सिग्नल उड्डाणात मळतो तो असा. उपाय म्हणजे क्रिस्टलला रबरी आयसोलेटरवर वेगळं बसवायचं आणि त्या माउंटची स्वतःची नैसर्गिक फ्रिक्वेन्सी विमानाच्या मुख्य कंपनांपासून दूर ठेवायची. हे ठरवतं ॲल्युमिनियमच्या त्या छोट्या प्लेटचं वजन, जाडी आणि भोकांच्या जागा. लक्षात घ्या, इथून मशीन शॉपची हद्द सुरू झाली.

दुसरी मोठी अडचण आयसोलेशनची. जॅमरला क्षीण सिग्नल ऐकायचा असतो, समजा उणे ६० डीबीएमचा, आणि त्याच क्षणी अधिक ५३ डीबीएम फेकायचे असतात. मधला गेन ११३ डीबी. ऐकणारा आणि बोलणारा अँटेना एकाच विमानावर, जास्तीत जास्त काही मीटर अंतरावर. १० गिगाहर्ट्झला ५ मीटर मोकळ्या जागेत ६६ डीबी घट मिळते. अँटेनांची तोंडं विरुद्ध दिशांना केली तर थोडी वाढते. पंखाखालच्या टाक्या, क्षेपणास्त्रं, उघडलेले फ्लॅप यांवरून परावर्तन होऊन पुन्हा कमी होते. गेन आयसोलेशनपेक्षा जास्त झाला की यंत्रणा स्वतःचाच आवाज ऐकून गुणगुणू लागते. विसर्जन मिरवणुकीत डॉल्बीसमोर उभं राहून शेजाऱ्याची कुजबूज ऐकायची असेल तर डॉल्बी क्षणभर बंदच करावा लागतो. इथेही तेच करतात. ट्रान्समीटर थोड्या थोड्या वेळाने काही मायक्रोसेकंद बंद ठेवून ऐकून घेतात. याला लुक-थ्रू म्हणतात. फक्त इनपुट बंद करून भागत नाही. टीडब्ल्यूटी (लहर वाढवणारी निर्वात ट्यूब) असेल तर तिचा नॉइज फिगर, म्हणजे तिने स्वतः घातलेली नॉइजची भर, ३० डीबीच्या घरात असतो; ५० डीबी गेन धरला तर इनपुट नसतानाही तिच्यातून मेगाहर्ट्झमागे उणे ३४ डीबीएम नॉइज बाहेर पडतो. ६६ डीबी आयसोलेशन वजा केलं तरी तो रिसीव्हरच्या तळपातळीच्या १४ डीबी वर उरतो. म्हणून ट्यूबचा बीमच ग्रिडने तोडावा लागतो, सॉलिड स्टेट ॲम्प्लिफायर असेल तर बायस (त्याला चालू ठेवणारं व्होल्टेज) काढावा लागतो. ते किती वेगाने होतं यावर लुक-थ्रूची खिडकी किती लहान ठेवता येते ते ठरतं.

विमानाची बाकीची उपकरणंही याच हवेत श्वास घेतात. स्वतःचं रडार, रडार वॉर्निंग रिसीव्हर, आयएफएफ (मित्र-शत्रू ओळखणारी यंत्रणा), ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ अल्टिमीटर. कोण कधी बोलणार आणि तेव्हा कोण कान झाकणार याचं ब्लँकिंगचं वेळापत्रक सर्वांना तारेने कळवावं लागतं. जुन्या विमानावर नवा जॅमर चढवताना हे वेळापत्रक बसवणं हे इंजिनिअरिंगमधलं सर्वात किचकट काम असतं, कारण जुन्या उपकरणांच्या वेळा कागदावर लिहिल्याप्रमाणे नसतात. त्या मोजूनच काढाव्या लागतात.

केबलचा हिशेब कोणी मांडत नाही आणि नंतर पस्तावतात. विमानात वाकवता येईल अशा पातळ केबलला १८ गिगाहर्ट्झला मीटरमागे १ डीबीहून जास्त घट होते. ॲम्प्लिफायर पोटात आणि अँटेना शेपटीत ठेवून मध्ये ३ मीटर केबल टाकली तर ३ डीबी सहज जातात, म्हणजे अर्धी पॉवर केबल तापवण्यात संपली. म्हणून ॲम्प्लिफायर अँटेनाच्या मागेच बसवायचा, किंवा वेव्हगाइड (लहर नेणारी धातूची पोकळ नळी) न्यायचं. कनेक्टर हाताने आवळणं हा तर गुन्हाच समजा. स्टेनलेस स्टीलच्या एसएमए कनेक्टरला साधारण १ न्यूटन-मीटर टॉर्क हवा, टॉर्क पान्यानेच. सैल राहिला तर कंपनात फेज हलतो. जास्त आवळला तर मधली पिन आत दबते आणि समोरचा कनेक्टरही खराब करते.

आता उष्णता. रुंद बँडच्या गॅलियम नायट्राइड ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता २५ टक्के धरा. १ किलोवॅट आरएफ हवी तर ४ किलोवॅट आत आणि ३ किलोवॅट उष्णता बाहेर. ती हवेने काढायची आणि हवा २० अंश तापू द्यायची तर सेकंदाला ०.१५ किलो हवा लागते. जमिनीवर ती सेकंदाला सव्वाशे लिटर भरते. १२ किमी उंचीवर हवेची घनता चौथ्या हिश्श्यावर आलेली असते, तिथे तेवढ्याच वजनासाठी जवळपास ४८० लिटर ओढावे लागतात. जमिनीवर तासभर सुरळीत चाललेला पॉड (विमानाखाली टांगलेली जॅमरची पेटी) वर गेल्यावर तापून बंद पडतो त्याचं कारण हेच. उलटही घडतं. मे महिन्यात धावपट्टीवर उभ्या विमानात थंड हवेचा झोतच नसतो, आणि तपासणीसाठी पूर्ण पॉवरवर चालवलेला ॲम्प्लिफायर काही मिनिटांत जळतो. म्हणून जमिनीवरच्या चाचणीसाठी कूलिंग कार्ट किंवा कमी ड्यूटी सायकलचा वेगळा मोड ठेवावाच लागतो.

वीजपुरवठाही याच खात्यात येतो. जुन्या विमानाकडे ४०० हर्ट्झच्या ११५ व्होल्टवर किती शिल्लक आहे हे पहिल्या दिवशी पाहायचं. शिल्लक नसेल तर पॉडने स्वतःची वीज बनवायची. अमेरिकेच्या एएलक्यू-९९ पॉडच्या नाकावर फिरणारा छोटा पंखा दिसतो तो याचसाठी. त्याची जागा घेणाऱ्या एएलक्यू-२४९ मध्ये टर्बाइन पॉडच्या पोटात गेलं, कारण पुढची आणि मागची जागा इलेक्ट्रॉनिक स्कॅनिंग अँटेनांना हवी होती.

ट्यूब वापरली तर उच्च व्होल्टेजचं प्रकरण वेगळं. टीडब्ल्यूटीला काही हजार व्होल्ट लागतात आणि विरळ हवेत हवेची इन्सुलेशनची ताकद घटते. पॉटिंगमध्ये (भागांभोवती ओतलेल्या इन्सुलेटिंग रेझिनमध्ये) राहिलेला एक बुडबुडा, सोल्डरचं एक टोकदार अग्र किंवा मशीनिंगनंतर बॉक्सच्या कोपऱ्यात अडकलेली एक बारीक बर (धातूची कुसळी) जमिनीवर गप्प बसते आणि ९-१० किमीच्या वर ठिणगी टाकते. म्हणून अशा बॉक्सची चाचणी उंचीच्या चेंबरमध्येच घ्यायची. पॉटिंग निर्वातात करायचं. प्रत्येक आतली कड किमान अर्ध्या मिलिमीटरने गोल करायची.

रेडोमबद्दल, म्हणजे अँटेनावरच्या आवरणाबद्दल, थोडक्यात. क्वार्ट्झ कॉम्पोझिटचा परावैद्युतांक ३.३ धरला तर १० गिगाहर्ट्झला अर्ध्या तरंगलांबीची भिंत ८.३ मिमी येते. ती त्या फ्रिक्वेन्सीच्या आसपासच पारदर्शक असते. ६ ते १८ गिगाहर्ट्झचा पूर्ण पट्टा हवा असेल तर पातळ भिंत किंवा मध्ये फोम असलेलं सँडविच करावं लागतं. दुरुस्तीत जुन्या रंगावर नवा थर चढवत गेलं की हे गणित बिघडतं. जुना रंग काढल्याशिवाय पुन्हा रंगवायचं नाही, आणि थराची जाडी मोजून नोंदवायची.

हार्डवेअर कितीही उत्तम बनवा, त्यातली थ्रेट लायब्ररी जुनी असेल तर जॅमर आंधळा असतो. कोणतं रडार कोणत्या फ्रिक्वेन्सीत, कोणत्या पल्स अंतराने, कोणत्या क्रमाने बोलतं याची ती नोंद. ही विकत मिळत नाही. प्रत्येक देशाला ती स्वतः गोळा करून सतत सुधारत राहावी लागते. अपग्रेडच्या करारात लायब्ररी आपल्या हाताने बदलण्याचा अधिकार आणि साधनं मिळाली नाहीत, तर प्रत्येक बदलासाठी विक्रेत्याचं दार ठोठवावं लागतं. माझ्या मते देशी जॅमरच्या बाजूने असलेलं सर्वात भक्कम कारण हेच, किंमत नंतर. आपल्याकडे बेंगळूरुची डिफेन्स एव्हिऑनिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट, म्हणजे डेअर, रडार वॉर्निंग रिसीव्हर आणि जॅमर पॉडवर काम करते. सुखोई-३० साठीचा हाय बँड जॅमर तिचाच. ट्यूबचं काम बेंगळूरुच्याच मायक्रोवेव्ह ट्यूब रिसर्च अँड डेव्हलपमेंट सेंटरमध्ये चालतं. हैदराबादची डिफेन्स इलेक्ट्रॉनिक्स रिसर्च लॅबोरेटरी हे तिसरं ठिकाण. उत्पादन मोठ्या प्रमाणात भारत इलेक्ट्रॉनिक्सकडे. हवाई योग्यतेचं प्रमाणपत्र सेमिलॅक देतं, गुणवत्तेची तपासणी डीजीएक्यूए करतं.

आता वडिलांचा प्रश्न. या संस्था डिझाइन करतात, पण चॅसिस, कोल्ड प्लेट, वेव्हगाइड, ब्रॅकेट, टेस्ट फिक्स्चर हे बाहेरून करून घेतात, बहुधा मधल्या एखाद्या कंपनीमार्फत. हत्तरगीला एकस कंपनीच्या एरोस्पेस सेझमध्ये विमानांचे भाग बनतात, म्हणजे त्या दर्जाचं मशीनिंग, सरफेस ट्रीटमेंट आणि तपासणी करणारी माणसं या जिल्ह्यात तयार झालेली आहेत. उद्यमबाग-मच्छेच्या शॉपला नवीन मशीन घेण्यापेक्षा सवयी बदलण्याची जास्त गरज आहे. त्या कोणत्या, ते सविस्तर सांगतो.

पहिली सवय ॲनोडायझिंगची. भाग सुंदर दिसावा म्हणून सर्रास ॲनोडाइझ करून पाठवतात. ॲनोडायझिंगचा थर इन्सुलेटर असतो. झाकण आणि बॉक्स यांच्यात वीज वाहायलाच हवी, नाहीतर ती फट अँटेना बनते. अशा जागी दोन भागांमधला बाँडिंगचा रोध २.५ मिलिओहमच्या आत मागतात. त्यासाठी क्रोमेट कन्व्हर्जन (पातळ रासायनिक थर), तेही मिल-डीटीएल-५५४१ या अमेरिकी लष्करी मानकातलं क्लास ३, म्हणजे वीजवाहक प्रकारचं. ड्रॉइंगवर क्लास १ए लिहिलेलं असेल आणि जागा बाँडिंगची असेल तर न विचारता करू नका, लेखी खुलासा मागा. हेक्झाव्हॅलंट क्रोमेटचा थर ६० अंशांच्या वर वाळवला की खराब होतो, हेही प्लेटिंगवाल्याला आधी सांगून ठेवा. घाईत ओव्हन ८०-९० ला लावणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि भाग दिसायला अगदी चांगला दिसतो.

झाकणाच्या कडेची खाच, जिच्यात वीजवाहक रबराची दोरी बसते, ती दिसते तेवढी किरकोळ नाही. १८ गिगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी ८.३ मिमी. दोन स्क्रूंमधलं अंतर २५ मिमी असेल तर मधली फट तिच्याहून तिप्पट लांब आहे आणि मुक्तपणे गळते. गळती थांबवते ती दोरी, आणि ती तेव्हाच थांबवते जेव्हा पुरेशी दाबली जाते. २.५ मिमीच्या दोरीला २.० मिमी खोल खाच म्हणजे २० टक्के दाब. तीच खाच २.२ मिमी झाली की दाब १२ टक्क्यांवर आला, आणि बॉक्स मिल-एसटीडी-४६१ च्या उत्सर्जन चाचणीत नापास होतो. हायड्रॉलिकमध्ये ओ-रिंगच्या खाचा तुम्ही करताच. टॉलरन्स तोच, फक्त इथे तेलाऐवजी लहर गळते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. स्क्रूची भोकं बंद तळाची ठेवा. आरपार गेलेलं भोक ही आणखी एक गळती.

पातळ भिंतींचं वाकणं. ६०६१ ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून २ मिमी भिंतीचा चॅसिस कोरताना ८० टक्क्यांहून जास्त धातू निघून जातो, आतला ताण मोकळा होतो आणि भाग केळीसारखा वळतो. प्लेट टी६५१ मागवा. ती ताणून ताणमुक्त केलेली असते, साधी टी६ नसते. रफिंगमध्ये सर्व बाजूंना १ मिमी ठेवा, भाग पूर्ण सोडवून रात्रभर तसाच राहू द्या. फिनिशिंगला पहिल्यांदा आधारपृष्ठ पुन्हा सपाट करा आणि मग दोन्ही बाजूंनी आळीपाळीने थोडं थोडं काढा. क्लॅम्प कमी दाबाने. व्हाइसमध्ये आवळलेला भाग मापात असतो आणि सोडल्यावर नसतो.

कोल्ड प्लेट. ॲम्प्लिफायरचे मॉड्यूल ज्या पृष्ठावर बसतात त्याचा सपाटपणा ०.०५ मिमीच्या आत मागतात. ०.१५ झाला तर मधली फट थर्मल पेस्टने भरते, पेस्टची वाहकता ॲल्युमिनियमच्या पासंगालाही पुरत नाही, आणि त्याच मॉड्यूलचं तापमान शेजाऱ्यापेक्षा चढतं. आधी तेच मरतं. आतल्या पाण्या-ग्लायकॉलच्या वाटा ब्रेझिंगने बंद केलेल्या असतील तर हेलियम गळती चाचणी मागतात. ब्रेझिंगनंतर धातू मऊ पडतो. म्हणून पुन्हा हीट ट्रीटमेंट, आणि शेवटचं मशीनिंग त्याच्यानंतर. हा क्रम उलटला की पूर्ण तुकडा स्क्रॅप.

वेव्हगाइड हे सर्वात कठीण आणि सर्वात चांगला भाव मिळणारं काम. एक्स बँडच्या डब्ल्यूआर-९० चं आतलं माप २२.८६ बाय १०.१६ मिमी. १० गिगाहर्ट्झला वीज ॲल्युमिनियमच्या फक्त ०.८ मायक्रॉन खोलीपर्यंत वाहते. आतल्या पृष्ठाचा खरखरीतपणा आरए ०.८ असेल तर प्रवाहाची वाट त्याच उंचवट्यांवरून चढत-उतरत जाते आणि घट वाढते. आरए ०.४ किंवा त्याहून चांगलं मागतात ते या कारणाने, दिसण्यासाठी नव्हे. आतल्या कोपऱ्याचा रेडियस, फ्लँजचा सपाटपणा आणि काटकोन, डॉवेलच्या भोकांची जागा, या सगळ्याचा परिणाम नेटवर्क ॲनालायझरवर थेट दिसतो. एक चांगली युक्ती: वेव्हगाइड दोन अर्ध्यांत मशीन करायचं आणि रुंद भिंतीच्या मधोमध कापायचं. तिथे आडवा प्रवाह नसतो, म्हणून जोड थोडा कमी-जास्त असला तरी लहरीला त्रास कमी होतो. अरुंद भिंतीच्या कडेला जोड आला तर तो गळतो.

कागदपत्रांत शॉप मागे पडतात. प्रत्येक तुकड्यामागे कच्च्या मालाचं प्रमाणपत्र आणि हीट नंबर हवा, आणि उरलेल्या तुकड्यावरही तो लिहिलेला हवा. कोपऱ्यातल्या ऑफकटच्या ढिगातून ६०६१ समजून ६०८२ उचललं गेलं आणि लॉट तपासणीत सापडला, तर तो लॉट तर जातोच, आधीच्या सगळ्या लॉटवरही प्रश्न येतो. एएस ९१०० हे एरोस्पेस गुणवत्तेचं प्रमाणपत्र, पहिल्या तुकड्याची एएस ९१०२ प्रमाणे पूर्ण मापणी, सीएमएमचा (तिन्ही दिशांत मापं घेणाऱ्या मशीनचा) अहवाल. सुरुवात फिक्स्चर आणि ग्राउंड इक्विपमेंटपासून करा; त्यांना उड्डाणाचं प्रमाणपत्र लागत नाही आणि ग्राहकाला तुमची शिस्त पाहता येते. कास्टिंगच्या बिडाची धूळ उडते त्या मशीनवर ॲल्युमिनियमचं हे काम लावू नका. लोखंडाचे कण पृष्ठात रुतले की क्रोमेटखाली गंज धरतो. खानापूरकडचा पाऊस आपल्या शॉपमध्येही येतो. जून ते सप्टेंबर क्रोमेट केलेले भाग उघड्या रॅकवर न ठेवता सिलिका जेल घालून बंद पिशवीत, आर्द्रतेच्या कार्डासह ठेवा. हाताळताना हातमोजे. घामाचा ठसा आठवड्यात पांढरा उमटतो.

मुलीसाठी. प्रोजेक्ट म्हणून हवेत काहीही प्रसारित करायचं नाही. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय जॅमर बाळगणं आणि चालवणं गुन्हा आहे, आणि सांबऱ्यात विमानतळ व हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र शेजारीशेजारी आहे. तुम्हाला शिकायचं आहे ते सगळं केबलमध्ये शिकता येतं. एका सॉफ्टवेअर रेडिओतून लिनिअर चर्प (फ्रिक्वेन्सी सरळ रेषेत सरकत जाणारा) पल्स काढा, ६० डीबी ॲटेन्युएटर आणि केबलमधून दुसऱ्यात घ्या, तिथे साठवून विलंब आणि डॉप्लर देऊन परत पाठवा, आणि पहिल्यात मॅच्ड फिल्टर (पाठवलेल्या पल्सशी जुळवून पाहणारा) लावून शिखर कुठे येतं ते पाहा. दोन्ही रेडिओंना एकच १० मेगाहर्ट्झ संदर्भ द्या. मग मुद्दाम तो काढून टाका आणि शिखराचं काय होतं ते मोजा. नंतर नमुन्यांचे बिट ८, ४, २, १ असे कमी करत खोट्या रेषांची उंची नोंदवा. उरलेला वेळ नॉइज आणि कोहेरंट सिग्नल सारख्याच पॉवरला लावून पल्स कॉम्प्रेशननंतरचा फरक मोजण्यात घाला. चर्पची बँडविड्थ १ मेगाहर्ट्झ आणि लांबी १०० मायक्रोसेकंद ठेवलीत तर तो फरक २० डीबीच्या आसपास यायला हवा. तो आला नाही तर आधी केबलचे कनेक्टर तपासा, मग रिसीव्हर ओव्हरलोड होत नाही ना ते पाहा. कोडकडे शेवटी वळा.